छातीवरची दोन वर्तुळं

फिटर : तेच ना हे मशीन? झाकलंत कशाला?

ड्रायव्हर : अहो, अहो, हात नका लावू! आत कोणी सोडलं तुम्हाला? बाहेर एवढी मोठी पाटी आहे, परवानगीशिवाय येऊ नये म्हणून.

फिटर : पाटी वाचली. मग आत आलो.

ड्रायव्हर : म्हणजे वाचता येतं, उमजत नाही. हे बघा, रुग्णवाहिका हवी असेल तर फोन करायचा. गाडी तुमच्या दारात येते. तुम्ही गाडीच्या दारात यायचं नसतं.

फिटर : गाडी येऊन गेली आमच्या दारात. पाच दिवस झाले. तिसरा मजला, सकाळी सव्वानऊ. बूट घालता घालता पडलेला माणूस. मी त्याचा धाकटा भाऊ.

ड्रायव्हर : बसा. त्या खोक्यावर बसा, ते रिकामं आहे. सिस्टर! ओ सिस्टर! जरा बाहेर या.

सिस्टर : काय आहे? दुपारच्या पाळीचं सामान मोजतेय मी, मध्येच हाका मारल्या की पुन्हा पहिल्यापासून... अरे. तुम्ही पंपवाले ना?

फिटर : पंप फिटर. लक्षात आहे म्हणायचं.

सिस्टर : आहे ना. आम्ही आलो तेव्हा तुम्ही गुडघ्यावर बसून छाती दाबत होता आणि मोठ्यानं मोजत होता. एकही आकडा चुकत नव्हता. असं कोणी सापडत नाही आम्हाला. बहुतेक घरांत लोक पाणी शिंपडत बसलेले असतात.

फिटर : कारखान्यात शिकवलं होतं. एक दुपार, रबरी पुतळ्यावर. प्रमाणपत्रही दिलं. ते राहू द्या. हा फोटो बघा.

सिस्टर : हा कधी काढलात?

फिटर : दवाखान्यात त्याचे कपडे बदलायला मला आत सोडलं, तेव्हा काढला. छातीवर निळ्या मार्करची रेघ आहे, अर्धगोल. रेघेला लागून एक वर्तुळ, गडद. आणि त्याच्या खाली तीन बोटं सोडून दुसरं वर्तुळ. ते फिकट. आता मला सांगा, या छाती दाबायच्या मशीनला छातीवर बसणाऱ्या वाट्या किती?

सिस्टर : एक.

फिटर : एक वाटी, मग छाप दोन कसे? आमच्याकडे पाइपाच्या जोडावर गॅस्केटचे असे दोन छाप दिसले, तर शिकाऊ पोरगासुद्धा सांगेल की जोडाची चकती, फ्लँज, जागची हलली.

ड्रायव्हर : अहो, माणसाच्या छातीला फ्लँज काय म्हणता!

फिटर : मला जे येतं त्यानंच बोलणार. तुमची भाषा मला येत नाही.

ड्रायव्हर : सिस्टर, एक शब्द बोलू नका. ऑफिसनं सांगून ठेवलंय. नातेवाईक आला की हात जोडायचे आणि ऑफिसचा रस्ता दाखवायचा.

फिटर : ऑफिसला उद्या जाणारच आहे. अर्ज खिशात आहे, हा बघा. "सदर मशीन सदोष असल्यामुळे माझ्या भावाचा मृत्यू झाला, तरी मशीन ताबडतोब बंद करून संबंधितांवर कारवाई व्हावी." उद्या दिला की झालं. पण आजवर मी उघडून न बघता एकाही पंपाला नावं ठेवलेली नाहीत. म्हणून आधी इथं आलो.

सिस्टर : संबंधित म्हणजे मी.

फिटर : तुम्ही, हे ड्रायव्हर, ज्यांनी मशीन घेतलं ते. कोण कोण संबंधित आहे मला काय ठाऊक? मला घरी उत्तर न्यायचंय, बस्स.

सिस्टर : घरी कोणाला?

फिटर : वहिनीला. दवाखान्याच्या दारात, डॉक्टरनी मान हलवल्यावर, तिनं माझ्याकडे बघून एकच वाक्य विचारलं. "तुम्ही का थांबलात?" त्यानंतर पाच दिवस एक शब्द नाही. माझं ताट वाढते, वर दुसरं ताट झाकते आणि आत निघून जाते. बावीस वर्षं एका घरात आहोत आम्ही. मी काही बोललो की "हं" सुद्धा नाही.

ड्रायव्हर : दुःखात आहे हो बाई.

फिटर : दुःखात आहे ते मला दिसतं. तिनं विचारलंय ते मला कळत नाही. मी का थांबलो? अकरा मिनिटं मी दाबत होतो. तुम्ही आलात, म्हणालात "दादा, बाजूला व्हा, आता मशीन करेल." मी झालो बाजूला. मशीन माझ्यापेक्षा चांगलं करत असेल म्हणूनच झालो ना? मग सांगा. हात चांगला की मशीन?

सिस्टर : माहीत नाही.

फिटर : हे काय उत्तर झालं?

सिस्टर : खरं आहे ते सांगितलं. मोठे अभ्यास झालेत यावर. हजारो माणसं घेतली. काहींची छाती हातानं दाबली, काहींची मशीननं, आणि किती जगले ते मोजलं. जवळजवळ सारखेच.

फिटर : सारखेच म्हणजे सारखेच चांगले की सारखेच वाईट?

ड्रायव्हर : हा प्रश्न बरोबर विचारला गड्यानं.

सिस्टर : बहुतेक जण वाचत नाहीत, दादा. हातानंही नाही आणि मशीननंही नाही.

फिटर : मग हे धूड घेतलं कशाला?

सिस्टर : जिन्यासाठी. धावत्या गाडीसाठी. गाडी वळण घेते तेव्हा मी उभी राहून दाबायला गेले की मीच जाऊन दारावर आपटते. आणि दोन मिनिटांत माझे हात ढिले पडतात. मला वाटत असतं मी तेवढंच खोल दाबतेय, पण तेवढं जात नसतं. मशीन दर वेळी दोन इंच म्हणजे दोन इंच. थकत नाही, घाबरत नाही, कंटाळत नाही.

फिटर : म्हणजे मशीन चांगलं.

सिस्टर : पण बसवायला वेळ जातो. आधी पाठीखाली पाटी सरकवायची, मग वरची कमान अडकवायची, मग वाटी बरोबर जागेवर आणायची. तेवढा वेळ छाती थांबते.

फिटर : म्हणजे हात चांगला.

सिस्टर : तसं नाही म्हणत मी.

फिटर : मग कसं म्हणता?

ड्रायव्हर : झालं! आता तुम्ही दोघं घाण्याच्या बैलासारखे फिरणार आणि मी मध्ये उभा राहून दोरी धरणार.

फिटर : किती वेळ जातो बसवायला?

सिस्टर : सराव असेल तर दहा सेकंद.

फिटर : आमच्याकडे किती गेला?

सिस्टर : पंधरा. फार तर वीस.

फिटर : चाळीस. मी मोजत होतो. हात काढले तरी माझं मोजणं थांबलं नव्हतं, तोंडातल्या तोंडात चालू होतं. चाळीसला पहिला ठोका पडला.

सिस्टर : तुम्ही दाबण्याच्या लयीत मोजत होता ना? ती लय सेकंदाहून जलद असते. तुमचे चाळीस म्हणजे बावीस-तेवीस सेकंद.

फिटर : हे माझ्या लक्षात नाही आलं.

ड्रायव्हर : मला विचाराल तर अर्धं आयुष्य गेलं. पाटी वाकडी गेली होती पहिल्यांदा. पुन्हा काढून घातली.

सिस्टर : तुम्हीच म्हणालात ना एक शब्द बोलू नका?

ड्रायव्हर : तुम्हाला म्हणालो होतो. मला कुठे म्हणालो?

फिटर : बावीस तर बावीस. पंप चालू असताना पाणी चढलेलं असतं. बंद केला की पाइपातलं पाणी खाली उतरतं. पुन्हा चालू केला म्हणून लगेच नळाला येत नाही. आधी पाइप भरावा लागतो, मग वर चढतं. छातीचंही तसंच का?

सिस्टर : अगदी तसंच. थांबलं की दाब पडतो, पुन्हा चढवायला बरेच ठोके लागतात.

फिटर : मग त्या बावीस सेकंदांत माझी अकरा मिनिटं गेली?

सिस्टर : असं नाही म्हणता येत. दादा, तुम्ही दाबलं म्हणून तर आम्ही आलो तेव्हा मॉनिटरच्या पडद्यावर हृदयाची थरथर होती. विजेचा झटका देता आला. नाही तर पडद्यावरची रेघ आल्या आल्याच सपाट सापडते.

फिटर : मशीनमध्ये नोंद असते म्हणतात. कुठल्या क्षणी चालू, कुठल्या क्षणी बंद. असते का?

सिस्टर : असते. मी काढून ठेवलीय. हा कागद. मला वाटलंच होतं कोणी तरी येईल.

फिटर : नऊ अठ्ठावीसला चालू. त्याच्या आधीचं?

सिस्टर : आधीचं नाही. मशीन स्वतःचेच ठोके मोजतं. तुमचे हात त्याला माहीत नाहीत.

फिटर : म्हणजे मी हात काढले आणि याचा पहिला ठोका पडला, मधलं अंतर किती, हे लिहिलेलं कुठेच नाही?

सिस्टर : नाही.

फिटर : आणि माझी अकरा मिनिटं?

सिस्टर : आमच्या फॉर्मवर एक चौकोन आहे. "घटनास्थळी कोणी छाती दाबत होते का?" त्यात बरोबरची खूण केलीय मी.

फिटर : अकरा मिनिटांची एक खूण.

ड्रायव्हर : चौकोनच तेवढा आहे हो. आमच्या अख्ख्या नोकरीला तरी कुठे जास्त आहे!

फिटर : चालू करून दाखवा.

ड्रायव्हर : सिस्टर, नको.

सिस्टर : दाखवते. तो सरावाचा पुतळा आणा खाली.

(सिस्टर पुतळ्याच्या छातीवर मशीन बसवून चालू करते. ठक, ठक, ठक, ठक. फिटर डोळे मिटून ऐकतो. मिनिटभरानं सिस्टर बंद करते.)

फिटर : दट्ट्याचा स्ट्रोक बरोबर आहे. सीलही चांगलं आहे. कुठे हवा खात नाही.

ड्रायव्हर : घ्या! म्हणजे मशीन पास.

फिटर : पण शेवटी शेवटी त्या दिवशी हा आवाज नव्हता. वर खोलीत हाच होता. जिन्यातही सुरुवातीला हाच. मग बदलला. ठक-ठकचं धप-धप झालं. गादीवर पडल्यासारखं.

सिस्टर : कधी बदलला?

फिटर : जिन्यातच, म्हटलं ना.

सिस्टर : दादा, कधी बदलला?

फिटर : दुसऱ्या मजल्याच्या वळणावर.

सिस्टर : मला खाली दाराशी आल्यावर दिसलं. रेघ एकीकडे आणि वाटी दुसरीकडे. लगेच थांबवलं, वर सरकवलं, पुन्हा चालू केलं. हे बघा कागदावर, नऊ त्रेचाळीसला नऊ सेकंद बंद. ते हे. वळणापासून दारापर्यंत मिनिट, दीड मिनिट मशीन चुकीच्या जागी चालत होतं.

फिटर : म्हणजे दीडशे ठोके पोटाच्या तोंडावर.

सिस्टर : हो.

ड्रायव्हर : सिस्टर!

सिस्टर : फोटोत दिसतंय ते, दादा. मी नाही म्हणून ते वर्तुळ पुसलं जाणार आहे का?

फिटर : ती रेघ कशाला काढता मग? बघायची नसेल तर?

सिस्टर : बघण्यासाठीच काढतात. वाटी बसली की तिच्या कडेनं रेघ मारायची आणि एकानं सतत रेघेवर डोळा ठेवायचा. वाटी हलली की ओरडायचं. हे तिसऱ्या माणसाचं काम.

फिटर : तिसरा कोण?

सिस्टर : तिसरा नाही. तीच तर बोंब आहे. आधी गाडीत तिघं असायचो. मशीन आलं त्याच महिन्यात वरून कागद आला. मला तो पाठ आहे. "यंत्र दोन हातांचे काम करीत असल्याने प्रति वाहन एक पद कमी करण्यात येत आहे." मशीनला हात आहेत हे त्यांना दिसलं. डोळे कुठे आहेत, हे कोणी विचारलं नाही. ज्यानं सही केली त्यानं आयुष्यात एकदा तरी माणूस चादरीत घालून जिना उतरवलाय का? मी डोक्याकडे, तोंडावर हवेची पिशवी दाबत, उलटी चालत एकेक पायरी उतरत होते. पायरी बघू, पिशवी बघू, की रेघ बघू?

ड्रायव्हर : शिवाय फीत कापताना फोटो काढले होते मशीनचे. त्यात आम्ही नव्हतो, पण मशीन होतं. हार घातला होता त्याला.

फिटर : थांबा. वर खोलीत पाटी सरकवताना तुम्ही दोघंही पाटीलाच लागला होता. दाबत कोणीच नव्हतं.

सिस्टर : पाटी एकट्याला सरकत नाही. तिसरा असता तर तो दाबत राहिला असता.

फिटर : मी होतो ना.

सिस्टर : काय?

फिटर : मी होतो की तिथं. बाजूला, भिंतीला टेकून उभा. मोजत. तुम्ही म्हणाला असतात दाबत राहा, तर दाबत राहिलो असतो. मला का थांबवलंत?

सिस्टर : नियम आहे. आम्ही पोचलो की नातेवाइकानं दूर व्हायचं.

फिटर : नियम तिघांच्या वेळचा का दोघांच्या?

सिस्टर : तिघांच्या.

ड्रायव्हर : तुम्ही दमला होतात हो! घामानं फरशी ओली झाली होती.

फिटर : दमलो नव्हतो.

ड्रायव्हर : हात लटपटत होते तुमचे.

फिटर : दमलो नव्हतो म्हणतोय ना!

सिस्टर : खरं आहे त्यांचं. तिसरा माणूस तिथंच होता. मीच त्याला भिंतीशी उभं केलं. पाच दिवस मी त्या कागदावर सही करणाऱ्याला शिव्या देतेय, आणि हे मला सुचलंच नव्हतं.

ड्रायव्हर : आता तुम्ही सुरू करू नका. एक जण पुरे. हे बघा फिटर, लिहून घ्या. त्या वळणावर माझा पाय सरकला. गुडघा धरतो माझा, सगळ्यांना माहीत आहे. चादर वाकडी झाली, मशीन घसरलं. मला दीड वर्ष राहिलंय नोकरीचं. काय करतील? घरी बसवतील. बायको तेवढीच खूश होईल. नाही तर नाखूश होईल, पण बसवतील.

फिटर : तुम्ही डोक्याकडच्या कोपऱ्याला होतात.

ड्रायव्हर : मग?

फिटर : डोक्याकडची बाजू वरच राहिली. पायांकडची खाली गेली. म्हणून तर मशीन पोटाकडे घसरलं. उगाच खोटं का बोलता?

ड्रायव्हर : पायांकडे कोण होतं मग? तो शेजारचा शिंपी आणि...

फिटर : आणि मी.

सिस्टर : दादा...

फिटर : कोपरा माझ्या हातातून सुटला. बोटं वळतच नव्हती. अकरा मिनिटं दाबून हात दगड झाले होते. चादर मनगटाला गुंडाळली होती, तरी सुटली. धप्पकन पायरीवर टेकले त्याचे पाय. एका पायात बूट होता, तो वाजला. मी पुन्हा उचललं. आणि लगेच आवाज बदलला. मला कळलं होतं की आवाज बदलला. मला, पंपाच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणाऱ्याला, कळलं होतं. आणि मी ओरडलो नाही.

ड्रायव्हर : का हो?

फिटर : वाटलं, ओरडलो तर सगळे थांबतील आणि बघतील कोणाचा कोपरा सुटला ते.

सिस्टर : म्हणजे तुम्ही मशीन बघायला आलाच नव्हतात.

फिटर : आलो होतो! मशीन बिघडलेलं निघालं असतं तर! जन्मात पहिल्यांदा वाटलं, हे बंद पडू दे, वायसर फाटलेला निघू दे, स्प्रिंग तुटलेली निघू दे. आणि हे शहाणं चालतंय. ठक-ठक-ठक. यात काही खोट नाही.

सिस्टर : एक दाखवू? हा दुसरा कागद बघा. पडद्याचा. नऊ चाळीसला सपाट. तुमचा कोपरा सुटला तो त्याच्या नंतर. नऊ चाळीसला आपण पहिल्याच वळणावर होतो, दुसरा मजला यायचा होता.

फिटर : हे माझ्यासाठी म्हणताय?

सिस्टर : छापील आहे. माझं अक्षर नाही त्यात.

फिटर : नऊ चाळीस. म्हणजे कोपऱ्यानं काही झालं नाही?

सिस्टर : कागदावर आहे तेवढंच सांगते मी.

फिटर : सांगा ना. सपाट आधीच झालं होतं. मग कोपरा सुटला काय आणि न सुटला काय, सारखंच. असंच ना?

सिस्टर : असंच असावं बहुतेक.

फिटर : बहुतेक?

सिस्टर : सपाट झालेले कधी कधी परत येतात. फार क्वचित. मी अठरा वर्षांत दोन बघितलेत.

ड्रायव्हर : अहो सिस्टर, माणसाला एकदा तरी धड उत्तर द्या! हो म्हणा, नाही म्हणा, काही तरी म्हणा. आल्यापासून त्याला इकडून उचलताय, तिकडे ठेवताय.

सिस्टर : असतं तर दिलं नसतं का? मला काय हौस आहे? त्या दोघांपैकी एकाला मशीन लावलं होतं, एकाला मी हातानं दाबलं होतं. आता यातून मी काय म्हणू? रोज घरी जाऊन मी हेच करते. हे असं केलं असतं तर, ते तसं केलं असतं तर. भात करपतो माझा.

फिटर : मग मी हा अर्ज काय करू?

सिस्टर : द्या. पण खरा द्या. आणा इकडे, पेन आहे माझ्याकडे. "सदर मशीन सदोष" हे खोडा. मशीन चांगलं आहे, तुम्हीच पास केलंत. इथं लिहा, "जिन्यात मशीन जागेवरून घसरले. रेघेवर लक्ष ठेवण्यास तिसरा कर्मचारी नव्हता. सिस्टरच्या लक्षात दीड मिनिट उशिरा आले."

ड्रायव्हर : वेड लागलंय का तुम्हाला? स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव? ऑफिसला तेच तर हवंय. तिसऱ्या माणसाचं वाक्य गिळतील आणि सिस्टरचं वाक्य चघळतील.

सिस्टर : चघळू देत. दोन्ही वाक्यं एकाच ओळीत लिहिते, म्हणजे एक गिळताना दुसरं घशात अडकेल.

ड्रायव्हर : नोकरी जाईल.

सिस्टर : जाईल. आणि पुढच्या गाडीतही दोघंच असतील, आणि त्यांचाही जिना असेल. मग? गप्प बसू?

ड्रायव्हर : गप्प बसा असं नाही म्हणत मी. मी काय म्हणतो... मला माहीत नाही मी काय म्हणतो. माझं पण लिहा मग. पाटी पहिल्यांदा वाकडी घातली ती मी.

फिटर : आणि कोपरा?

सिस्टर : काय कोपऱ्याचं?

फिटर : तो कुठे लिहायचा? सगळ्यांचं लिहिलंत, माझंही लिहा.

सिस्टर : कोपऱ्याचं ऑफिसला काय करायचंय? तुम्ही त्यांचे पगारी नव्हता. चादर उचलायला तुम्हाला लावावं लागलं, हाच त्यांचा गुन्हा आहे. कोपरा अर्जात नाही बसत, दादा. तो घरी सांगायचा.

फिटर : घरी कसा सांगू? तिनं विचारलं का थांबलात, आणि मी सांगू की थांबलो ते सोडा, वर त्याला पाडलंही? जे आहे तेवढंही जाईल. झाकलेलं ताट तरी मिळतं आता.

ड्रायव्हर : पाच दिवस झाकलेलं ताट खाताय. गार होत असेल.

फिटर : होतं.

ड्रायव्हर : मग लावा फोन. समोर बसून तुम्हाला जमणार नाही, तुमचं तोंड बघून कळतंय. इथं आम्ही आहोत. पडलात तर मशीनही आहे.

सिस्टर : काय बोलता हो तुम्ही!

ड्रायव्हर : हसला बघा. थोडासा हसला. लावा.

फिटर : ... हॅलो. वहिनी, मी बोलतोय. ... गाडीच्या थांब्यावर आहे. रुग्णवाहिकेच्या. ... नाही, नाही, भांडत नाहीये. बसलोय. ... ऐका ना. तुम्ही विचारलं होतंत, का थांबलात. ते विचारायला आलो होतो इथं. ... नाही मिळालं उत्तर. हात चांगला की मशीन, ते यांनाही माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. सिस्टर म्हणाल्या बाजूला व्हा, मी झालो. ... हो. ... वहिनी, अजून एक आहे. जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, वळणावर... कोपरा सुटला. माझ्या हातातून. मी कोणाला बोललो नाही. ... हॅलो? ... वहिनी? आहात ना? ... हं. ... हं. ... बरं. ... नाही, आता नाही दुखत. ... हो. थांबा. येतोच.

सिस्टर : काय म्हणाल्या?

फिटर : म्हणाली, माहीत आहे.

ड्रायव्हर : काय माहीत आहे?

फिटर : कोपरा. म्हणाली, मी तुमच्या मागेच होते. त्याचा दुसरा बूट हातात घेऊन उतरत होते. चादर सुटली ते बघितलं मी.

सिस्टर : पाच दिवस माहीत होतं त्यांना?

फिटर : म्हणाली, ते मी कुठे विचारलं होतं? तुम्ही मोठ्यानं मोजत होतात ना, तोवर मला वाटत होतं, आहे अजून. मोजणं बंद झालं, म्हणून विचारलं का थांबलात.

ड्रायव्हर : पण तुम्ही तर मोजतच होतात. तोंडातल्या तोंडात.

फिटर : हो. ते तिला कसं ऐकू येणार?

सिस्टर : मग शेवटी "थांबा, येतोच" कशाला म्हणालात?

फिटर : विचारलं तिनं, जेवायला थांबू का.